निवडीचा पंचनामा

७ डिसेंबर २०१४ च्या दुपारी वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाच्या घरच्या मैदानावर नाणेफेकीची वेळ झाली. अमेरिकन फुटबॉलमध्ये नाणेफेकीला दोन्हीकडचे कर्णधार मैदानाच्या मधोमध येतात. पाहुण्या सेंट लुइस रॅम्सकडून त्या दिवशी सहा जण आले: मायकेल ब्रॉकर्स, जनोरिस जेन्किन्स, अ‍ॅलेक ओगलट्री, स्टेडमन बेली, झॅक स्टेसी आणि ग्रेग रॉबिन्सन. कर्णधार म्हणून ही नावं चमत्कारिक होती. सगळेच कोवळे, लीगमध्ये येऊन जेमतेम एक ते तीन हंगाम झालेले. पण प्रेक्षकांतल्या जाणत्यांच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. वॉशिंग्टनने २०१२ मध्ये केलेल्या एका सौद्यामुळेच हे सहाही जण रॅम्सकडे आले होते. प्रशिक्षक जेफ फिशर यांनी यजमानांच्या जखमेवर त्यांच्याच अंगणात मीठ चोळलं. सामनाही रॅम्सने २४-० असा खिशात घातला.

तो सौदा एका तरुण क्वार्टरबॅकसाठी होता. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. तो चांगला नसेल तर बाकी दहा जण कितीही तगडे असोत, घोडं पेंड खातं. वॉशिंग्टनला रॉबर्ट ग्रिफिन हवा होता, पण नव्या खेळाडूंच्या निवडीत त्यांची पाळी सहावी आणि रॅम्सची दुसरी. चार पायऱ्या वर चढण्यासाठी त्यांनी आपली सहावी पाळी दिली, त्याच वर्षीची दुसऱ्या फेरीतली निवड दिली आणि वर २०१३ व २०१४ या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी दिल्या. पहिल्या हंगामात ग्रिफिनने डोळे दिपवले. तो सर्वोत्तम नवोदित ठरला, संघाने आपला गट जिंकला. मग जानेवारी २०१३ मध्ये सिअ‍ॅटलविरुद्ध त्याचा गुडघा गेला आणि पुन्हा तो पूर्वीचा ग्रिफिन दिसला नाही. रॅम्सचे सहा जण नाणं बघायला आले त्या दिवशी त्याची जागा राखीव खेळाडूंच्या बाकावर होती. त्यातही गंमत अशी, की २०१२ च्या त्याच निवडीत वॉशिंग्टनने चौथ्या फेरीत कर्क कझिन्स नावाचा दुसरा क्वार्टरबॅक जवळजवळ फुकटात उचलला होता आणि पुढे संघाची सूत्रं त्याच्याकडेच गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

अशा सौद्यांची चिरफाड करणं हा अमेरिकेत केवळ गप्पांचा विषय राहिलेला नाही. तो एक पेशा आहे, एक करमणूक आहे आणि अलीकडे अर्थशास्त्राचा विषयही आहे. त्याचं मूळ नॅशनल फुटबॉल लीगच्या ड्राफ्ट नावाच्या पद्धतीत आहे. महाविद्यालयीन फुटबॉल संपवून येणाऱ्या मुलांना संघ ओळीने निवडतात आणि आदल्या हंगामात जो तळाला असेल त्याची पाळी पहिली. आता अशा सात फेऱ्या होतात. आपली पाळी विकता येते, बदलता येते, पुढच्या वर्षांच्या पाळ्याही आज मोडून खाता येतात. इथे नाकारलेला मुलगा नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या रंगाची जर्सी चढवून दर रविवारी खेळतो आणि एखाद्या रविवारी नेमका तुमच्याच विरुद्ध उभा राहतो. निवडणाऱ्याची चूक यादीतल्या पुढच्याच ओळीत छापलेली असते. पश्चातबुद्धीला याहून सुपीक जमीन मिळणं कठीण.

ही जमीन नांगरली बर्ट बेल यांनी. फिलाडेल्फियातलं बडं घराणं, वडील पेनसिल्व्हेनिया राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल राहिलेले. १९३३ मध्ये बेल आणि त्यांच्या भागीदारांनी २,५०० डॉलर भरून फिलाडेल्फियाचा संघ घेतला, त्याला ईगल्स नाव दिलं आणि हरायला सुरुवात केली. त्या काळात महाविद्यालयातून बाहेर पडणारा खेळाडू वाटेल त्या संघाशी बोलणी करू शके. साहजिकच चांगली मुलं शिकागो बेअर्स, न्यूयॉर्क जायंट्स अशा जिंकणाऱ्या आणि पैसा राखून असलेल्या संघांकडे जात. मिनेसोटा विद्यापीठाच्या स्टॅन कोस्टका या धिप्पाड फुलबॅकसाठी बेल यांनी जंग जंग पछाडलं. आकडे चढत गेले आणि शेवटी कोस्टका ५,००० डॉलरवर ब्रुकलिनच्या संघात गेला.

हात हलवत परतलेल्या बेल यांनी मे १९३५ मध्ये मालकांच्या बैठकीत प्रस्ताव मांडला: नव्या खेळाडूंची एक यादी करू, सर्वांत दुबळ्या संघाने पहिलं नाव घ्यावं आणि ज्याने नाव घेतलं त्यानेच त्या खेळाडूशी बोलणी करावीत. बेअर्सचे जॉर्ज हॅलस आणि जायंट्सचे टिम मारा यांचं यात उघड नुकसान होतं, तरी दोघांनी हात वर केले. लीग टिकायची तर सामने चुरशीचे व्हायला हवेत, हे त्यांना कळत होतं. दुसरंही एक कारण होतं, आणि ते मालकांच्या खिशाजवळचं होतं. एका खेळाडूमागे एकच गिऱ्हाईक उरलं की भाव आपोआप उतरतो. दुबळ्यांना आधार आणि मजुरीला लगाम, अशा दोन पायांवर ही पद्धत उभी राहिली.

८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. हॉटेल बेल यांच्या घराण्याचंच. नऊ संघ, नऊ फेऱ्या, फळ्यावर खडूने लिहिलेली सुमारे ९० नावं. खेळाडू हेरायला गावोगाव फिरणारी माणसं तेव्हा कुणाकडेच नव्हती. वर्तमानपत्रांतली वर्णनं, ओळखीतल्या प्रशिक्षकांचा शब्द आणि ऐकीव कीर्ती एवढ्यावर कारभार. पहिली पाळी अर्थातच तळाच्या ईगल्सची. बेल यांनी शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचं नाव घेतलं. पुढे हाइझमन ट्रॉफी म्हणून गाजलेला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा मान पहिल्यांदा मिळाला तो त्यालाच. पण त्याची पैशांची अपेक्षा बेल यांना झेपणारी नव्हती. त्यांनी बर्वँगरवरचा हक्क हॅलस यांना देऊन बेअर्सकडून आर्ट बस नावाचा टॅकल घेतला. हॅलस यांच्याकडेही बर्वँगरने दोन वर्षांचे २५,००० डॉलर मागितले असं सांगतात. हॅलस यांनी नकार दिला, बर्वँगर फोम रबर विकण्याच्या धंद्यात गेला आणि व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. ड्राफ्टच्या इतिहासातली पहिली निवड आणि त्या निवडीचा पहिला सौदा, दोन्ही असे पाण्यात गेले. ईगल्सने त्या वर्षी निवडलेल्या नऊंपैकी एकही जण त्यांच्याकडे आला नाही. त्या हंगामात प्रशिक्षकपदही सांभाळणाऱ्या बेल यांचा संघ १२ पैकी ११ सामने हरला. ब्रुकलिनने चौथ्या फेरीत अलाबामा विद्यापीठाच्या एका खेळाडूचं नाव घेतलं होतं, तोही आला नाही. पॉल ‘बेअर’ ब्रायंट हे त्याचं नाव. पुढे महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वांत दबदब्याचा प्रशिक्षक म्हणून अमेरिका त्याला ओळखू लागली.

फळ्यावर कुणाची नावं लिहिली गेली याहून कुणाची लिहिलीच गेली नाहीत, हा पंचनाम्याचा अधिक गंभीर भाग आहे. १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा केनी वॉशिंग्टन १९३९ च्या हंगामात देशातल्या अव्वल खेळाडूंत गणला जात होता, पण त्याचं नाव कुणी घेतलं नाही. लीगचं दार त्याला १९४६ मध्ये उघडलं, तेव्हा त्याच्या गुडघ्यांचं खोबरं झालं होतं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॉर्ज टॅलियाफेरो. साल १९४९, फेरी तेरावी. त्यानंतरही दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांकडे बहुतेक संघांची पाठच होती.

तिकडे बघत होता तो एक पत्रकार. ‘पिट्सबर्ग कूरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात बिल नन हे दरवर्षी या महाविद्यालयांतल्या सर्वोत्तम खेळाडूंचा संघ जाहीर करत. गावचा स्टीलर्स संघ या गुणवत्तेकडे काणाडोळा करतो म्हणून ते नाराज होते आणि ही नाराजी ते लपवत नव्हते. स्टीलर्सच्या डॅन रूनी यांनी त्यांना बोलावून घेतलं, त्यांची परखड मतं ऐकून घेतली आणि १९६७ मध्ये खेळाडू हेरण्याचं कामच त्यांच्याकडे दिलं. १९७४ च्या ड्राफ्टआधी नन इतर संघांच्या माणसांबरोबर अलाबामा ए अँड एमला जॉन स्टॉलवर्थ या रिसीव्हरला, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूला, बघायला गेले. मैदान ओलं, धावेची वेळ सुमार. बाकीचे निघून गेले. नन मागे राहिले आणि त्यांनी कोरड्या जागेवर पुन्हा घड्याळ लावलं. स्टॉलवर्थच्या खेळाची फिल्मही स्टीलर्सने मिळवली आणि ती दुसऱ्यांच्या हाती लवकर पोचू दिली नाही, असं म्हणतात. प्रशिक्षक चक नोल यांना तो पहिल्याच फेरीत उचलायचा होता. त्यांना थोपवून धरलं गेलं. स्टॉलवर्थ चौथ्या फेरीपर्यंत शिल्लक राहिला. त्या एका वर्षात स्टीलर्सने लिन स्वॉन, जॅक लॅम्बर्ट, स्टॉलवर्थ आणि माइक वेबस्टर असे चार खेळाडू घेतले आणि पुढे चौघेही हॉल ऑफ फेम या फुटबॉलच्या मानाच्या दालनात गेले. त्या ड्राफ्टनंतरच्या सहा हंगामांत संघाने सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना चार वेळा जिंकला. बाहेरून टीका करणाऱ्याला घरात घेण्याचा हा सौदा कुठल्याच यादीत नोंदलेला नसतो.

डॅलस काउबॉइजनी वेगळा रस्ता धरला, आणि त्यात एका भारतीयाचा हात होता. काउबॉइजचे टेक्स श्रॅम पूर्वी सीबीएस वाहिनीत होते. १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी आयबीएमची यंत्रं निकालांची आकडेमोड करताना पाहिली आणि हे फुटबॉलला का लावू नये, असं त्यांच्या मनात आलं. आयबीएमच्या उपकंपनीने त्यांची गाठ सलाम कुरेशी या संख्याशास्त्रज्ञाशी घालून दिली. कुरेशी भारतातून गेलेले. अमेरिकन फुटबॉलचा त्यांना गंध नव्हता आणि श्रॅम यांना संगणकाचा. अडचण निघाली ती भाषेची. एका हेराचं ‘चपळ’ म्हणजे दुसऱ्याचं ‘बरा’. हे शब्द यंत्राला घालून उपयोग नव्हता. म्हणून ठरावीक विधानांची प्रश्नावली बनवली गेली आणि प्रत्येक विधानाला हेराने १ ते ९ मध्ये गुण द्यायचे असं ठरलं. स्वभाव, चपळाई व शरीरावरचा ताबा, जिद्द, तल्लखपणा, ताकद अशा कप्प्यांत माणूस मांडला जाऊ लागला. खर्च वाटून घ्यायला रॅम्स आणि सॅन फ्रान्सिस्कोचा संघही सोबत आला. १९६६ पासून ओळीने वीस हंगाम काउबॉइजनी जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त राहिले. साऱ्याचं श्रेय संगणकाला देणं भाबडेपणाचं ठरेल, पण प्रतिस्पर्धी संघांनी मुकाट्याने तेच तंत्र उचललं.

याच्या अगदी उलट टोकाला होते जॉर्ज अ‍ॅलन. १९७१ मध्ये वॉशिंग्टनला आलेल्या या प्रशिक्षकाचा पोरसवदा खेळाडूंवर काडीचा विश्वास नव्हता. भविष्यकाळ म्हणजे आजचा दिवस, हा त्यांचा खाक्या. येणाऱ्या वर्षांच्या निवडी देऊन टाकायच्या आणि तिशी ओलांडलेले मुरब्बी गडी आणायचे. सातही हंगामांत त्यांनी हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले, एकदा सुपर बोलपर्यंत धडक मारली, तिथे मायामीकडून १४-७ हरले. वॉशिंग्टनने १९६८ नंतर पहिल्या फेरीत थेट खेळाडू निवडला तो १९८० मध्ये, आर्ट मंक. मधली अकरा वर्षं त्यांची पहिल्या फेरीची पाटी कोरी.

१९६८ च्या त्या निवडीची कहाणी न्यायालयात जाऊन पोचली. जेम्स ‘याझू’ स्मिथ हा बचावपटू पहिल्याच हंगामात मानेला जबर दुखापत होऊन कायमचा बाहेर पडला. एकाच संघाशी बोलणी करायची सक्ती नसती तर मला जास्त पैसे आणि दुखापतीची हमी मिळाली असती, असं म्हणून त्याने दावा लावला. १९७६ मध्ये न्यायालयाने ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतो असा निकाल दिला. पद्धत वाचली ती खेळाडूंच्या संघटनेने १९७७ च्या करारात तिला मान्यता दिली म्हणून. निवडीची चर्चा करणारे सगळे संघाच्या बाजूने हिशेब मांडतात. निवडल्या जाणाऱ्याच्या बाजूने तो मांडला स्मिथने.

१९८० पर्यंत ड्राफ्ट हा हॉटेलात, कामाच्या दिवशी सकाळी उरकायचा कार्यक्रम होता. नव्यानेच सुरू झालेल्या ईएसपीएन वाहिनीने तो थेट दाखवायची परवानगी मागितली तेव्हा मालकांना ही मागणी खुळचट वाटली. टेलिफोन कानाला लावून बसलेली माणसं कोण बघणार? आयुक्त पीट रोझेल यांनी तरी होकार दिला. लोक बघत बसले. आणि दोन निवडींच्या मधला वेळ भरायला बोलणारी माणसं लागू लागली.

ती माणसं आधीच तयार होत होती. ब्रुकलिनमधल्या छोट्याशा घरात जोएल बुक्सबॉम नावाचा कृश गृहस्थ सामन्यांच्या टेप आणि टेलिफोन यांच्या गराड्यात राहून ‘प्रो फुटबॉल वीकली’साठी शेकडो खेळाडूंची टिपणं लिहायचा. कुठल्याही संघात त्याने कधी नोकरी केली नाही, पण संघांची बडी मंडळी त्याला फोन करून मत विचारत. २००२ च्या अखेरीस तो वारला, तेव्हा अंत्यविधीला न्यू इंग्लंडचे प्रशिक्षक बिल बेलिचिक आले होते. बाल्टिमोरच्या मेल काइपरने विद्यार्थिदशेतच ड्राफ्टचे अहवाल छापायला सुरुवात केली आणि १९८४ मध्ये तो ईएसपीएनच्या पडद्यावर आला. ड्राफ्टच्या दिवशी प्रत्येक संघाला गुण देणारा तो पहिला नामांकित परीक्षक.

या परीक्षकाची आणि एका संघाची खडाजंगी १९९४ मध्ये झाली. इंडियानापोलिस कोल्ट्सकडे दुसरी निवड होती आणि पाचवी निवडही त्यांनी मिळवली. जनरल मॅनेजर बिल टोबिन यांनी आधी मार्शल फॉक हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू घेतला आणि मग ट्रेव्ह अल्बर्ट्स हा बचावातला लाइनबॅकर. क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर समोर असताना. काइपरने थेट प्रक्षेपणात कोल्ट्सची बिनपाण्याने केली: अशा निवडी करतात म्हणूनच यांची पाळी दरवर्षी वरची असते. टोबिन कॅमेऱ्यासमोर उसळले. हा काइपर आहे कोण, याने कधी खेळाडू म्हणून किंवा प्रशिक्षक म्हणून काही केलंय का, माझ्या शेजारच्या पोस्टमनला आणि याला सारखंच कळतं, अशा आशयाची सरबत्ती त्यांनी केली. प्रेक्षकांनी हे भांडण मिटक्या मारत पाहिलं.

आता निकाल बघावा. फॉक त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला: टोबिन बरोबर. अल्बर्ट्स दुखापतींनी बेजार होऊन २९ सामन्यांत संपला: काइपर बरोबर. डिल्फर टँपा बेमध्ये चमकला नाही, त्याला सोडून देण्यात आलं: टोबिन बरोबर. मग बाल्टिमोरला जाऊन त्याने सुपर बोल जिंकला, तोही प्रामुख्याने संघाच्या बचावाच्या जोरावर: इथे कुणाला गुण द्यायचे ते ज्याने त्याने ठरवावं. काइपर मात्र त्या भांडणातून जास्तच मोठा झाला.

संघाच्या चाहत्यांनी ही कला दूरचित्रवाणीकडून पटकन उचलली. १९८३ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क जेट्सने डॅन मारिनोला सोडून केन ओब्रायनला घेतलं तेव्हा सभागृहातल्या जेट्सच्या पाठीराख्यांनी आरडाओरडा केला. मारिनो तीन नावांनंतर मायामीला गेला आणि त्याच गटात राहून जेट्सना वर्षानुवर्षं छळत राहिला. तिथे चाहते खरे ठरले. १९९९ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका रेडिओ केंद्राने सुमारे ३० चाहते बसमध्ये घालून न्यूयॉर्कला नेले. त्यांना रनिंग बॅक रिकी विल्यम्स हवा होता. शहराच्या महापौरांचंही तेच मत. ईगल्सने दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक डॉनव्हन मॅकनॅबचं नाव घेतलं. व्यासपीठावर येणाऱ्या त्या मुलाची आपल्याच संघाच्या चाहत्यांनी हुर्यो उडवली. पुढच्या अकरा हंगामांत मॅकनॅबने ईगल्सना पाच वेळा कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या आपल्या अर्ध्या भागाच्या, अंतिम सामन्यात नेलं.

आणि रिकी विल्यम्स? त्याच्यासाठी न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे प्रशिक्षक माइक डिटका अक्षरशः घरदार विकायला निघाले होते. तिसऱ्या क्रमांकावरच्या सिनसिनाटी बेंगल्सना त्यांनी निवडींचा ढीग देऊ केला. बेंगल्सनी तो नाकारला आणि अकिली स्मिथ हा क्वार्टरबॅक घेतला, ज्याने सुरुवातीपासून खेळलेल्या १७ सामन्यांपैकी तीनच जिंकले. शेवटी पाचव्या क्रमांकासाठी डिटकांनी वॉशिंग्टनला त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या सहा निवडी आणि २००० सालच्या पहिल्या व तिसऱ्या फेरीतल्या निवडी दिल्या. एका खेळाडूसाठी आठ निवडी. सेंट्सने तो हंगाम ३-१३ असा, म्हणजे तीन विजय आणि तेरा पराभवांनी, संपवला आणि डिटकांची नोकरी गेली. वॉशिंग्टनने तोच मालमसाला वापरून चॅम्प बेली मिळवला. हॉल ऑफ फेममध्ये गेलेला हा बचावपटू ज्या संघाने पदरात पाडून घेतला, त्याच संघाने तेरा वर्षांनी ग्रिफिनसाठी डिटकांचा कित्ता गिरवला.

सौद्यांच्या या दुनियेत एक व्यवहार मात्र आजही पाठ्यपुस्तकासारखा सांगितला जातो. ऑक्टोबर १९८९. काउबॉइज पाचपैकी पाच सामने हरलेले, नवे मालक जेरी जोन्स आणि नवे प्रशिक्षक जिमी जॉन्सन. संघात एकच नाव घेण्यासारखं, हर्शेल वॉकर. तोच त्यांनी मिनेसोटा व्हायकिंग्सना देऊन टाकला. बदल्यात पाच खेळाडू आले आणि प्रत्येकाला एकेक शर्त जोडलेली: हंगामानंतर ठरलेल्या तारखेआधी त्याला सोडलं, तर व्हायकिंग्सची अमुक वर्षाची अमुक निवड काउबॉइजना. व्हायकिंग्सचे माइक लिन यांची अटकळ होती, की कंगाल संघ हातचे खेळाडू कशाला सोडेल? डॅलसच्या पत्रकारांनाही आपला संघ नागवला गेला असंच वाटलं. नव्या जर्सीत पहिल्याच सामन्यात वॉकर ग्रीन बेविरुद्ध १४८ यार्ड धावला, एका धावेत तर पायातला बूट निसटला तरी तो थांबला नाही. मिनेसोटात दिवाळी झाली. पण जॉन्सनना खेळाडू नकोच होते, शर्ती हव्या होत्या. तारीख जवळ आल्यावर लिनना पुन्हा बोलणी करावी लागली आणि निवडींचा गठ्ठा डॅलसला गेला. तो पुढे फिरवून, बदलून काउबॉइजनी एमिट स्मिथ, रसेल मेरिलंड, डॅरेन वुडसन असे मोहरे जमवले. तो हंगाम १-१५ असा संपवणाऱ्या संघाने १९९२, १९९३ आणि १९९५ च्या हंगामांचे सुपर बोल जिंकले. वॉकर मिनेसोटात एकदाही हंगामात हजार यार्ड गाठू शकला नाही.

एवढ्या निवडींची उलाढाल करायची तर दराचं कोष्टक हवं. १९९१ च्या सुमारास काउबॉइजच्या मालकीत वाटा असलेल्या माइक मॅकॉय या तेलधंद्यातल्या अभियंत्याने ते बनवलं. आधीच्या सौद्यांत काय भाव पडला होता ते बघून पहिल्या निवडीला ३,००० गुण, दुसरीला २,६००, सोळावीला १,००० आणि अशी उतरण शेवटापर्यंत. काउबॉइजचे प्रशिक्षक इतर संघांत पांगले, कोष्टकही पांगलं आणि साऱ्या लीगचा तो बाजारभाव झाला.

हा भावच चुकीचा आहे, असं केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी २००५ मध्ये मांडलं. त्यांचा मुद्दा सोपा होता. वरच्या निवडी चांगल्या असतात, पण त्यांना द्यावं लागणारं मानधन आणि त्यांच्यासाठी मोजलेली किंमत धरली तर सर्वाधिक फायदा दुसऱ्या फेरीच्या आसपास मिळतो. एकाच जागी खेळणाऱ्या ओळीने निवडलेल्या दोघांपैकी आधीचा सरस निघण्याची शक्यता त्यांच्या हिशेबात सुमारे ५२ टक्के आली. म्हणजे छापा-काट्यापेक्षा किंचित बरी. मॅनेजर मात्र आपल्याला हिरा ओळखता येतो या खात्रीने चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला घालतात. पुढे नोबेल मिळवणाऱ्या थेलर यांनी ‘मिसबिहेविंग’ या पुस्तकात लिहिलं आहे, की वॉशिंग्टनच्या मालकांच्या माणसांशी त्यांची याबद्दल बोलणी झाली होती. त्यानंतर वॉशिंग्टनने केलं ते ग्रिफिनचं प्रकरण.

मग सौद्यात बाजी मारणाऱ्या रॅम्सचं काय झालं? वॉशिंग्टनकडून आलेल्या निवडी फिरवून त्यांनी आठ खेळाडू घेतले. तरीही फिशर यांच्या हाताखाली एकाही हंगामात त्यांचे विजय पराभवांहून जास्त झाले नाहीत आणि २०१६ मध्ये त्यांना हटवण्यात आलं. पुस्तकी हिशेबात जिंकणं वेगळं आणि मैदानात जिंकणं वेगळं. उलट कॅन्सस सिटी चीफ्सनी २०१७ मध्ये २७ व्या क्रमांकावरून १० व्यावर उडी मारताना पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवडही दिली, ती क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्ससाठी. अभ्यासकांच्या तराजूत हा सौदा महागच. चीफ्सनी त्यातून तीन सुपर बोल काढले. त्याच दिवशी शिकागो बेअर्सनी केवळ एक पायरी चढायला चार निवडी खर्च करून मिच ट्रुबिस्की हा क्वार्टरबॅक घेतला होता. त्या निवडी मिळवणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोनेही तिसऱ्या क्रमांकावर सॉलोमन थॉमसला घेऊन माहोम्सला सोडलंच.

दूर कशाला, भारतातही अशी एक ओळ छापली गेली आहे. आयपीएलच्या २००८ च्या पहिल्या मोसमात मोठ्या खेळाडूंचा लिलाव झाला, पण १९ वर्षांखालच्या मुलांसाठी ड्राफ्ट ठेवला होता. दिल्लीच्या संघाने डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवानला पसंती दिली. दिल्लीचाच, नुकताच विश्वचषक जिंकलेल्या युवा संघाचा कर्णधार विराट कोहली बंगळुरूला गेला. फलंदाजांची भरती आधीच झाली होती, गोलंदाज हवा होता. दिल्लीचं गणित त्या दिवशीपुरतं वेडगळ नव्हतं. तिकडे अमेरिकेत, पुढे थोर ठरलेल्या टॉम ब्रेडी या क्वार्टरबॅकला २००० मध्ये सहाव्या फेरीपर्यंत, १९९ व्या क्रमांकापर्यंत थांबवणाऱ्यांत त्याला अखेर घेणारा न्यू इंग्लंडचा संघही होताच की.

बेअर्सच्या चाहत्यांना ट्रुबिस्कीचा विसर पडायच्या आत नवा विषय मिळाला. २०२३ मध्ये बेअर्सकडे पहिली निवड होती. ती त्यांनी कॅरोलायना पँथर्सना विकली आणि त्यांची नववी निवड, दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी, रिसीव्हर डीजे मूर आणि २०२४ ची पहिल्या फेरीची निवड घेतली. पँथर्सनी क्वार्टरबॅक ब्राइस यंगला घेतलं, संघ २-१५ असा तळाला गेला, आणि म्हणून २०२४ ची ती निवडही पहिल्याच क्रमांकाची होऊन बेअर्सच्या पदरात पडली. व्यवहार कसा करावा याचा हा नमुना मानला गेला. त्या निवडीवर बेअर्सनी केलेब विल्यम्स या क्वार्टरबॅकला घेतलं. दुसरी निवड वॉशिंग्टनची. त्यांनी जेडन डॅनियल्स या क्वार्टरबॅकला घेतलं.

२७ ऑक्टोबर २०२४ रोजी हे दोघे समोरासमोर आले. बेअर्स १५-१२ पुढे, घड्याळात दोन सेकंद. डॅनियल्सने देवाचं नाव घेऊन चेंडू लांब भिरकावला, तो गर्दीतल्या हातांना लागून उडाला आणि मागे मोकळ्या उभ्या असलेल्या नोआ ब्राउनच्या हातात विसावला. वॉशिंग्टन १८-१५. त्यानंतर बेअर्स ओळीने हरत गेले, हंगाम चालू असतानाच प्रशिक्षकाला घरी पाठवण्यात आलं, आणि शिकागोच्या रेडिओवर डॅनियल्सलाच का घेतलं नाही हा एकच धोशा सुरू झाला. डॅनियल्स सर्वोत्तम नवोदित ठरला, त्याचा संघ कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. १३ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री बेअर्स पुन्हा वॉशिंग्टनला आले. या खेपेला वॉशिंग्टन पुढे होतं. अखेरच्या मिनिटांत डॅनियल्सच्या हातून चेंडू सुटला, बेअर्सनी तो उचलला आणि घड्याळ संपता संपता फील्ड गोल मारून सामना २५-२४ असा नेला. विल्यम्स तेव्हा २३ वर्षांचा होता, डॅनियल्स २४ चा.